वेंडेलची जीभ

डुक्कर कापायचा दिवस ठरला तेव्हाच एटेल्काने सगळ्यांना स्वयंपाकघरात गोळा करून शब्द घेतला होता. त्या दिवशी वेंडेलला कोणी काहीही चाखायला द्यायचं नाही. कलेजी नाही, कांद्यात परतलेलं रक्त नाही, आणि कोल्बासच्या, म्हणजे आतड्यात भरायच्या तिखट सॉसेजच्या, सारणाचा तुकडा तर मुळीच नाही. मुलगा अंब्रुश लगेच हो म्हणाला. तो सगळ्यालाच लगेच हो म्हणायचा. सून नोएमी ही चाबा शहरातल्या इस्पितळात रक्तवाहिन्यांच्या विभागात नर्स होती आणि मुळात पथ्याचा हा बडगा तिनेच घरात आणलेला, त्यामुळे तिचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या घरातली थोरली जाऊ गिझेला ‘हो गं बाई, हो’ म्हणाली खरी, पण खिडकीबाहेर बघत म्हणाली. आणि खुद्द वेंडेल म्हणाला, “तू म्हणशील तसं.” लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एटेल्काला एवढं नक्की कळत होतं, की वेंडेल ‘तू म्हणशील तसं’ म्हणाला म्हणजे त्याच्या मनात काहीतरी वेगळंच ठरलेलं आहे.

हे सगळं सुरू झालं नोव्हेंबरात. संत मार्टिनच्या सणाला वेंडेलने भाजलेल्या हंसाच्या दोन्ही तंगड्या आणि कलेजी खाऊन वर नव्या वाइनचा जग रिकामा केला, आणि पहाटे त्याच्या उजव्या पायाचा अंगठा लालभडक होऊन असा सुजला की पांघरुणाचं टोक लागलं तरी तो मेलेल्या आईला हाका मारायचा. नोएमीने त्याला गाडीत घालून नेलं. रक्तात यूरिक ॲसिड भरमसाट निघालं. तेवढ्यावर भागलं असतं तर एटेल्काने गोळ्या आणि शिव्या दोन्ही वेळेवर देऊन निभावून नेलं असतं. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मानेवर यंत्र फिरवलं आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीत एका बाजूला आतून जाड थर बसला होता.

डॉक्टरीणबाई समजुतीने बोलल्या. हे ॲसिड अंगठ्यात खडे करतं ते दुखतं म्हणून कळतं. पण तेच रक्त सगळ्या अंगात फिरतं, आणि वाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होण्यात त्याचाही हात असावा असं दिसतं. ज्यांना झटका येतो, ज्यांचं हृदय दगा देतं, त्यांच्यात हे वाढलेलं पुष्कळदा सापडतं. “ते स्वतः चोर आहे की चोराचा सोबती, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे,” त्या म्हणाल्या. “पण दोघं एकत्र हिंडतात, एवढं खरं.”

वेंडेलने त्या सगळ्यातून नेमकं एकच वाक्य उचललं. घरी पोचेपर्यंत तो गाडीत घोकत होता की गुन्हा शाबीत झालेला नाही, आणि शाबीत नसताना माणसाला उकडलेल्या बटाट्याची शिक्षा देणं कुठल्या कायद्यात बसतं ते नोएमीने दाखवावं.

एटेल्काला वाद घालायची गरजच नव्हती. तिने हे दोनदा डोळ्यांनी पाहिलं होतं. सासऱ्यांचा आधी अंगठा सुजला, मग तोंड वाकडं झालं, मग शेवटपर्यंत त्यांना चमच्याने भरवावं लागलं. थोरला दीर देनेश, गिझेलाचा नवरा, त्याचाही आधी अंगठाच. दोन हिवाळ्यांमागे तो अंगणात हातातल्या बादलीसकट पडला तो पुन्हा उभा राहिलाच नाही, इस्पितळातच गेला. आता घरात तिसरा अंगठा सुजला होता. एटेल्का घाबरली होती, आणि घाबरली की ती चिडायची, त्यामुळे घरात कोणाला तिची भीती दिसत नव्हती, फक्त जीभ ऐकू येत होती.

आणि जिभेचंच तर सगळं रामायण होतं. त्या गावात कोल्बासचं सारण मापाने होत नसे. मोठ्या काथवटीत कुटलेलं मांस, पाप्रिकाची लालबुंद पूड, लसूण, शहाजिरे आणि मीठ घालून पुरुष कोपरापर्यंत हात बुडवून ते मळायचे, मग त्यातला एक लहान तुकडा तळून सुरीच्या टोकावर घरच्या कर्त्याला दिला जायचा. तो डोळे मिटून चघळायचा, आणि तोवर अंगणात कोणी खोकतही नसे. मग तो सांगायचा काय कमी आहे ते. वेंडेलच्या बापाची जीभ नावाजलेली होती, देनेशची होती, आणि आता वेंडेलची होती. नुसती घरात नव्हे. थंडी पडली की ईस्टरआधीचा उपासाचा महिना लागेपर्यंत गावात कोणाच्या अंगणात डुक्कर पडलं तरी वेंडेलला बोलावणं यायचं. तो टोपी घालून निघायचा आणि चाखून, वर कलेजी खाऊन, वर पालिंकाचे, त्या फळांच्या कडक दारूचे, दोन-चार पेले चढवून संध्याकाळी गाणी म्हणत परतायचा. नोएमीला खरी भीती त्याचीच होती. एका दिवसाने काही होत नाही, ती सासूला म्हणाली होती, पण बाबांचा हा एक दिवस हिवाळाभर चालतो.

तर त्या दिवशी उजाडायच्या आत लोरिंत्स खाटीक आला, पहिली पालिंका सगळ्यांना मिळाली, वेंडेलला चहा मिळाला, आणि पाय स्टुलावर ठेवून त्याची मागच्या खोलीत स्थापना झाली. रेडिओ, वर्तमानपत्र, पाण्याची बाटली आणि दह्याबरोबर उकडलेले बटाटे. खोलीची खिडकी अंगणात उघडत होती ही एक चूक झाली. वेंडेलने खिडकीतूनच कारभार सुरू केला. केस गॅसच्या ज्वाळेने कशाला जाळता, पेंढ्याने जाळा. आतडी कोमट पाण्याने धुवा, तुमच्या घरात पाणी तापवत नाहीत का. लोरिंत्सला त्याने मांडी कशी सोडवावी तेही सांगितलं, आणि लोरिंत्सने खिडकीकडे पाठ केली.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. एटेल्का चुलीवरच्या मोठ्या कढईत चरबी कढवत होती. कुरकुरीत सोनेरी तुकडे वर येऊ लागले तसा वास खिडकीपर्यंत गेला असणार, कारण आतून अचानक काहीच आवाज येईना. वेंडेलची बडबड तिला सोसवायची, पण तो गप्प बसला की तिला राहवायचं नाही. ती बघायला गेली. तो शहाण्यासारखा बसून बटाटा खात होता. न बोलता, तक्रार न करता, तिच्याकडे न बघता खात होता. एटेल्काला कधी नव्हे ती त्याची दया आली. ॲप्रनच्या खिशात, स्वतःसाठी म्हणून, तिने चार तुकडे टाकले होते. त्यातले दोन तिने त्याच्या तळहातावर ठेवले, आणि नोएमीला कळता कामा नये असं बजावलं.

वेंडेलने ते डोळे मिटून खाल्ले. “मीठ कमी पडलंय, एटेल्का,” तो गंभीरपणे म्हणाला. “थोडं घालून परत आण. बघू या.”

ती परत काही गेली नाही, पण मन हलकं होऊन कढईपाशी आली. तेवढ्यात अंब्रुश मिठाची बरणी शोधत आला. कशाला हवी म्हणून विचारलं तर म्हणाला, सारणात मीठ कमी वाटतंय. कोणाला वाटतंय? मला, म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. अंब्रुशला आयुष्यात कधी कशात काही कमी वाटलं नव्हतं. स्वतःच्या लग्नात सुद्धा सूप अळणी झालं होतं ते त्याला दुसऱ्या दिवशी सांगावं लागलं होतं.

थोड्या वेळाने गिझेला आली. हुर्काच्या सारणात, म्हणजे दुसऱ्या जातीच्या सॉसेजमध्ये भरायच्या कलेजी आणि भाताच्या मिश्रणात, जरा मीठ हवं असं ती म्हणाली. एटेल्काने तिच्याकडे नुसतं पाहिलं. गिझेला भलतीकडेच बघत म्हणाली, की आपल्या गेलेल्या नवऱ्याला जास्त मीठ आवडायचं, सहज त्याची आठवण झाली.

आणि मग, हात पुसत, अगदी ताठ चालीने, नोएमी आली. एटेल्काला ते आधी खरंच वाटेना. “आई,” नोएमी म्हणाली, “तुम्हाला असं वाटतं का, की चिमूटभर मीठ...”

“तू पण?” एटेल्का म्हणाली.

नोएमी गोरीमोरी झाली. ती हळू आवाजात सांगू लागली की नखाएवढा तुकडा होता, तेवढ्याने काही होत नाही, हे ती स्वतः रुग्णांना सांगते. शिवाय बाबा म्हणाले की घरात शिकलेली जीभ तुझी एकटीची, तू आणशील त्याचाच मी भरवसा धरेन. एटेल्काने तिच्या पाठीवर थोपटलं आणि काम करायला पाठवलं. मग ती मिठाची बरणी घेऊन एकटीच उभी राहिली आणि तिला कळून चुकलं. माणूस मीठ कमी आहे असं म्हणाला की दुसरा तुकडा येतो. ठीक आहे म्हणाला की पहिल्यावरच भागतं. सकाळपासून या घरातलं प्रत्येक जण आपण एकट्यानेच, एकदाच, दया केली अशा समजुतीत होतं, आणि वेंडेल खोलीत बसल्या बसल्या संबंध डुकराचा फडशा पाडत होता. तिला हसू आलं आणि त्याच क्षणी देनेशची बादली आठवली. तिने बरणी कपाटावर मागे सारून ठेवली. अंब्रुशला सांगितलं, घातलं मीठ. मग काथवटीपाशी कोणी नसताना बोटाने थोडं सारण घेऊन जिभेला लावलं आणि चुलीपाशच्या वाटीतलं हवं तेवढंच मीठ घातलं.

अंधार पडला तशी सगळी टेबलाभोवती बसली. मणक्याचं सूप होतं, भाजलेलं कोल्बास होतं, हुर्का, वाफाळती कोबी. वेंडेल लंगडत आला आणि टेबलाच्या डोक्याशी बसला. पुढ्यात बटाटे. लोरिंत्सने पहिला घास घेतला आणि म्हणाला, गेल्या कित्येक वर्षांत असं कोल्बास झालं नव्हतं. झालं. वेंडेल त्याचीच वाट बघत होता.

“आज मी कुठं होतो?” तो म्हणाला. “खोलीत. आणि तरी हे असं झालंय. म्हणजे विचार करा, अंगणात असतो तर काय झालं असतं.” मग त्याने सावकाश आपलं म्हणणं मांडलं. चाखणं वेगळं आणि खाणं वेगळं. गुरुवारी बोदीच्या घरी डुक्कर आहे, त्याचा निरोप आलाय. त्यानंतर चर्चच्या घंटावाल्याकडे, मग गिरणीवाल्याकडे. लोक वाट बघतात. जीभ माझी असली तरी ती गावाची आहे, ती खोलीत कोंडून ठेवायचा हक्क कोणाला?

“ते खरं आहे, आई,” अंब्रुश म्हणाला. “बाबांनी सांगितलं नसतं तर आज मीठ कमीच राहिलं असतं. मी एकच तुकडा नेला होता, पण—”

“तू पण नेला होतास?” गिझेला म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने तोंडावर हात ठेवला.

नोएमीने चमचा खाली ठेवला. मग एकेकाचं बाहेर पडत गेलं. कोणी कोल्बासचं नेलं, कोणी हुर्काचं, नखाएवढं, बोटाएवढं. गिझेलाचं तर चांगलं बशीभर निघालं. एटेल्काला गप्प राहता आलं असतं, पण ते तिच्याच्याने झालं नाही. तिने आपले दोन तुकडेही सांगून टाकले. वेंडेल एवढा वेळ बटाट्याचं साल काढण्यात गढून गेला होता. कोणीतरी हसलं, बहुधा लोरिंत्स, आणि मग सगळं टेबल हसायला लागलं.

त्या हसण्यात बाजू पालटली हे फक्त एटेल्काला दिसलं. सगळेच दोषी ठरले होते, त्यामुळे वेंडेलला अडवायचं तोंड कोणालाच राहिलं नव्हतं. अंब्रुश म्हणाला, बोदीकडे मीच त्यांना नेईन आणि मीच आणेन. गिझेला म्हणाली, मरणारा मरतोच, निदान तोंडाची चव घेऊन तरी जाऊ दे. देनेश इस्पितळातलं बेचव सूप पिऊन गेला, त्याने काय मिळवलं? आणि नोएमी, जिच्यावर एटेल्काची सगळी भिस्त होती, तीसुद्धा म्हणाली की गोळ्या नीट घेतल्या आणि नुसतं चाखलं, पालिंका अजिबात नाही, तर कदाचित.

“ऐकलंस?” वेंडेल बायकोला म्हणाला. “इस्पितळाची परवानगी मिळाली.”

एटेल्काजवळ एकच गोष्ट उरली होती, आणि ती बोलायची नाही असं तिने लग्नानंतर केव्हाच ठरवलं होतं. ती बोलली तर वेंडेलचा चेहरा कसा होईल हे तिला ठाऊक होतं. पण नाही बोलली तर गुरुवारी बोदी, मग घंटावाला, मग गिरणीवाला, आणि मग कुठल्या तरी अंगणात तो बादलीसकट पडेल.

“यात तू सांगितलेलं मीठ नाही,” ती म्हणाली. “बरणी दुपारपासून कपाटावर आहे. यात मीठ आहे ते माझं.”

वेंडेल हसत होता तो तसाच राहिला.

“आणि गेल्या वर्षीही माझंच होतं. त्याच्या आधीही. अंब्रुश शाळेत जायला लागला त्या हिवाळ्यात तू एवढं मीठ घालायला लावलंस की कुत्र्यानेसुद्धा तोंड लावलं नाही. तेव्हापासून तू चाखून आत गेलास की मी नीट करते.”

अंब्रुश बापाकडे बघेना. शेवटी वेंडेलने घसा खाकरून विचारलं, “आणि बोदीकडे? तिथं तर तू नसतेस.”

“बोदीची बायको असते.”

“घंटावाल्याकडे?”

“वेंडेल, या गावात प्रत्येक चुलीपाशी एक बाई असते,” एटेल्का म्हणाली. “तुम्ही पालिंका प्यायला आत जाता, आम्ही सारण नीट करतो. जाऊबाईंना विचार.”

गिझेला मान खाली घालून खुदुखुदू हसत होती. “देनेशच्या मागे मीच करायचे,” ती म्हणाली. “त्याची जीभ म्हणजे, देव त्याला शांती देवो, बुटाचा तळवा होती.” लोरिंत्स खाटकाने कपाळावर हात मारला. आपण किती अंगणांत किती कर्त्या पुरुषांपुढे सुरी धरून अदबीने उभे राहिलो, ते त्याला बहुधा आठवत असावं.

वेंडेल मात्र हसला नाही. त्याचा चेहरा अगदी एटेल्काला वाटलं होतं तसा झाला. “मग मी या टेबलाच्या डोक्याशी कशाला बसतो?” त्याने विचारलं. “बाबा चाखायचे, देनेश चाखायचा. मला दुसरं काय येतं?”

“बाबा गेले. देनेश गेला,” एटेल्का म्हणाली. या वेळी ती चिडली नाही. “मला भीती वाटते, वेंडेल. सकाळी तू उशिरा उठलास तर मी दारात उभी राहून बघते, श्वास चालू आहे का. हे सगळे तुला एकेक घास भरवतात आणि म्हणतात एवढ्याने काय होतंय. त्या एकेका घासाने मी विधवा होणार आहे, आणि मला व्हायचं नाही.”

गिझेलाचं हसणं थांबलं. मग तिने हात लांब करून वेंडेलच्या कोपराशी असलेली हुर्काची थाळी उचलली आणि आपल्या पुढ्यात ओढली. “मी अजून दोघांचं रांधते,” ती कोणाकडेच न बघता म्हणाली. “सवय जात नाही. अर्धं पातेलं कोंबड्यांना जातं. खा भावजी, बटाटे खा.”

वेंडेलने बटाटे संपवले. मग काठी घेतली आणि खोलीत गेला. रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपला. एटेल्काने हात लावला तर त्याने तो झटकला नाही, पण वळलाही नाही. आपण त्याचा जीव राखायला गेलो आणि त्याच्यातलं काहीतरी मोडून ठेवलं, असं तिला वाटत राहिलं.

सकाळी शेजाऱ्यांकडे चवीच्या थाळ्या पाठवायच्या होत्या. प्रत्येक थाळीत थोडं कोल्बास, थोडी हुर्का, कुरकुरीत चरबीचे तुकडे, वर स्वच्छ कापड. थाळी नेणाऱ्याने दारात कोणाच्या हातचं आहे ते सांगायचं असतं, आणि या घरातून निघालेली प्रत्येक थाळी आजवर वेंडेलच्या नावाने गेली होती. अंब्रुश थाळ्या हातांवर रचून उभा होता. काय म्हणायचं ते आईला विचारावं की न विचारताच निघावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. नोएमी त्याच्या कोटाची बटणं लावत होती आणि तिलाही ते सांगता येत नव्हतं. तेवढ्यात वेंडेल काठी टेकत स्वयंपाकघरात आला आणि खुर्चीत बसला. दाढी केली होती.

“बोदीची थाळी आधी ने,” तो म्हणाला. “आणि दारात सांग, एटेल्काच्या हातचं आहे. वेंडेलच्या नाही. मीठही तिचं, जीभही तिचीच.”

चुलीपाशी एटेल्काचा हात थांबला. हे वाक्य बोदीच्या दारात उच्चारलं की दुपारपर्यंत गावभर होणार होतं, आणि त्यानंतर कुठल्याही अंगणातून वेंडेलला बोलावणं येणार नव्हतं. हे त्याला तिच्याइतकंच माहीत होतं.

“सगळ्यांकडे असंच सांगू?” अंब्रुशने विचारलं.

“सगळ्यांकडे. गिरणीवाल्याकडे जरा मोठ्याने सांग, त्याला कमी ऐकू येतं.”

अंब्रुश उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबला. “आणि बाबा, त्यांनी विचारलं, की मग वेंडेल आता काय करतो?”

वेंडेलने सुजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला.

“सांग, जिवंत राहतो,” तो म्हणाला. “एटेल्काने तेवढं एकच काम सांगितलंय, आणि ते चाखण्यापेक्षा अवघड आहे.”